शार्कचा दात आणि स्टेनो
कारतलबखान कुरवंडे घाटाने उंबरखिंडीत उतरला ते साल १६६१. पुढे पाचच वर्षांनी फ्लॉरेन्समध्ये निकोलस स्टेनोपुढे एका प्रचंड शार्कचे मुंडके आले. हा कोपनहेगनच्या सोनाराचा मुलगा. खडकात सापडणारे ‘जिभेचे दगड’ लोक विषावर उतारा म्हणून बाळगत. त्याने ते शार्कच्या दातांशी ताडून पाहिले. तेच टोक, तेच मूळ! मग समुद्रातला दात डोंगरात कसा? गाळ साचत गेला, खालचा थर आधीचा, हे त्याने १६६९ मध्ये मांडले. व्हाउचरांचे गठ्ठे उपसलेल्या माझ्यासारख्या बँकवाल्याला ते चटकन पटते. नागफणीचा कातळ लाव्हाचा, तिथे शार्कचा दात मिळायचा नाही. पण थरांचा हिशेब तोच. स्टेनो पुढे बिशप झाला, विज्ञान सुटले. उपासतापास करीत १६८६ मध्ये, ४८ व्या वर्षी तो गेला.