गुरांच्या डॉक्टरने चाकात हवा भरली!

बाइकचा टायर घरीच बदलायचं मनावर घेतलंय? मग हत्यारं काढण्याआधी एका दाढीवाल्या गृहस्थांना भेटा. जॉन बॉइड डनलॉप. टायरवर हे नाव तुम्ही कितीदा तरी वाचलं असेल, पण ते एका माणसाचं नाव आहे हे आपल्या गावीही नसतं. आणि हा माणूस इंजिनीअर वगैरे नव्हता. चक्क गुराढोरांचा डॉक्टर!

जन्म १८४० चा, स्कॉटलंडमधल्या ड्रेगहॉर्न गावचा. १८६७ मध्ये ते आयर्लंडला गेले. बेलफास्टमध्ये त्यांचा घोड्यांवरच्या उपचारांत चांगला जम बसला. १८८७ साली घरात एक वेगळाच पेशंट निघाला. त्यांच्या मुलाची, जॉनीची, तीनचाकी सायकल. भरीव रबराची चाकं आणि दगडी रस्ते, म्हणजे हाडं खिळखिळी व्हायचीच. डनलॉपनी पातळ रबराची नळी केली, लाकडी चकतीभोवती कापड ठोकून ती बसवली आणि फुटबॉलच्या पंपाने हवा भरली. मग अंगणात दोन चाकं घरंगळत सोडली. सायकलचं जुनं चाक अर्ध्यातच आडवं झालं. हवेचं चाक पार टोकापर्यंत गेलं आणि फाटकावर आपटून उसळलं.

डिसेंबर १८८८ मध्ये पेटंट मिळालं. मे १८८९ मध्ये बेलफास्टच्या मैदानात विली ह्यूम हा सायकलपटू हे फुगीर टायर लावून उतरला, तेव्हा लोक हसले. त्याने चारही शर्यती जिंकल्या. मग कोण हसणार?

इथून पुढे मात्र डनलॉपना धक्के बसत गेले. रॉबर्ट थॉमसन नावाच्या दुसऱ्या स्कॉटिश माणसाने हीच कल्पना १८४५ मध्येच पेटंट केली होती, आणि तीही वयाच्या २३ व्या वर्षी, म्हणजे जवळपास तुमच्याच वयात. त्यामुळे डनलॉपचं पेटंट बाद झालं. शिवाय त्यांचा टायर रिमला कापडाने गुंडाळून चिकटवलेला. पंक्चर झालं की सगळं सोलून काढा! स्वतःच्या हाताने टायर बदलणं, हे त्या टायरच्या नशिबात नव्हतंच.

ती सोय १८९० मध्ये चार्ल्स वेल्चने केली. त्याने टायरच्या कडेत तार घातली आणि रिमच्या मधोमध खोलगट जागा ठेवली. तुम्ही आज टायरची एक कड त्या खोलगट भागात दाबून दुसरी बाजू लिव्हरने वर काढता ना, ती हीच युक्ती. ताकद लावून कड रिमवरून ओढत बसाल, तर ट्यूब चिमटून फुटेल. कंपनीने वेल्चचं पेटंट विकत घेतलं, म्हणून धंदा तरला.

टायर चढला तरी काम संपत नाही. टायर, ट्यूब, व्हॉल्व्ह, रिम यांचं वजन सगळीकडे सारखं नसतं. टायरवर हलक्या जागेचा रंगीत ठिपका असेल, तर तो व्हॉल्व्हपाशी आणा. बाणाची दिशा बघा. मग चाक एक्सलवर, दोन स्टँडच्या मध्ये मोकळं ठेवा. चेन नाही, ब्रेकचा स्पर्श नाही. हलकेच फिरवा. जड भाग आपोआप खाली येऊन थांबेल. बरोबर वरच्या टोकाला पाच ग्रॅमची चिकटपट्टी लावा आणि पुन्हा फिरवा. कुठेही थांबवलं तरी चाक तिथेच राहिलं, म्हणजे जमलं. घाई केलीत तर वेग वाढल्यावर हँडल हातात थरथरायला लागेल.

आणि डनलॉप? १८९५ मध्ये त्यांनी कंपनी सोडली, शेअर विकले. टायरच्या धंद्यात पुढे अफाट पैसा आला, तो त्यांच्या हाती लागला नाही. उरलेली वर्षं डब्लिनमध्ये गेली. १९२१ मध्ये ते वारले, तोवर मोटारी आणि मोटारसायकली त्यांचंच नाव घेऊन रस्ते पालथे घालत होत्या.