विश्लेषण : रक्तपेढ्यांची घडी बसवणाऱ्या डॉ. चार्ल्स ड्रू यांनाच रक्त नाकारले गेले होते का?

१ एप्रिल १९५० च्या सकाळी अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्यात, बर्लिंग्टनजवळ एक मोटार रस्ता सोडून उलटली. गाडी चालवत होते ४५ वर्षांचे शल्यविशारद डॉ. चार्ल्स ड्रू. त्याच दिवशी त्यांचा मृत्यू झाला. दुसऱ्या महायुद्धात हजारो जखमींपर्यंत प्लाझ्मा पोहोचवण्याची पद्धत ज्यांनी बसवली, त्या कृष्णवर्णीय डॉक्टरला गोऱ्यांच्या रुग्णालयाने रक्त द्यायला नकार दिला, म्हणून ते गेले, ही कथा तेव्हापासून सांगितली जाते. आज ती ड्रू यांच्या छायाचित्रासह मोबाइलवरून फिरत असते. कथा चटका लावणारी आहे, पण खरी नाही. खरे काय घडले हे कळण्यासाठी आधी रक्तस्रावात शरीराचे काय होते आणि ड्रू यांनी नेमके काय केले, हे पाहावे लागते.

रक्तस्रावाचा ‘शॉक’ म्हणजे काय?

आपल्याकडे शॉक म्हटले की विजेचा झटका किंवा मनाला बसलेला धक्का आठवतो. डॉक्टरांच्या भाषेतला शॉक वेगळा. अवयवांना पुरेसे रक्त आणि त्यातून प्राणवायू न मिळणे, ही ती अवस्था. प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण ५ लिटर रक्त असते. रक्तदान शिबिरात घेतात ते ३५० किंवा ४५० मिलिलिटर. तेवढे शरीर सहज सोसते. पाऊण लिटरपर्यंत रक्त गेले तरी वरून फारसे काही दिसत नाही. त्यापुढे मात्र नाडी वाढते, हातपाय गार पडतात, घाम फुटतो, माणूस अस्वस्थ होतो. दोन लिटरच्या आसपास रक्त गेले की जीव धोक्यात येतो.

फसवणारी गोष्ट म्हणजे रक्तदाब. त्वचा, आतडी, मूत्रपिंडे यांच्याकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आवळून शरीर मेंदू आणि हृदयाचा पुरवठा बराच वेळ टिकवून धरते. त्यामुळे दीड लिटर रक्त जाईपर्यंत रक्तदाब ठीक दिसू शकतो. तो कोसळतो तेव्हा हातात फार वेळ उरलेला नसतो. पोटात किंवा छातीत रक्तस्राव असेल तर बाहेर थेंबही दिसत नाही. अपघातानंतर ‘काही झालं नाही’ म्हणत उठून बसलेला माणूस तासाभरात कोसळतो, तो यामुळेच.

गेलेले रक्त भरून काढायचे कशाने, हा प्रश्न पहिल्या महायुद्धापासून डॉक्टरांना छळत होता. रक्तगट १९०१ मध्ये कार्ल लँडस्टायनर यांनी शोधले होते. सायट्रेट घातल्यास बाटलीतले रक्त गोठत नाही, हेही पहिल्या महायुद्धाच्या सुमारास कळले होते. तरीही ऐन वेळी योग्य गटाचा दाता शेजारी उभा असणे, यावरच सगळे अवलंबून होते.

ड्रू या विषयाकडे कसे वळले?

चार्ल्स रिचर्ड ड्रू यांचा जन्म ३ जून १९०४ रोजी वॉशिंग्टनमध्ये झाला. वडील घरोघर गालिचे बसवण्याचे काम करत. मुलगा मैदानावरचा. अॅम्हर्स्ट कॉलेजात तो खेळाडूंच्या शिष्यवृत्तीवर गेला आणि फुटबॉल व धावण्याच्या शर्यतींत नाव कमावले. बहीण एल्सी इन्फ्लुएन्झाच्या साथीत गेली होती आणि पुढे खेळताना झालेल्या दुखापतीमुळे त्याला स्वतःलाही रुग्णालयात राहावे लागले. वैद्यकाची ओढ या दोन प्रसंगांतून लागली, असे त्यांचे चरित्रकार सांगतात.

ओढ होती, पैसे नव्हते. १९२६ ला पदवी घेतल्यावर दोन वर्षे त्यांनी बाल्टिमोरच्या मॉर्गन कॉलेजात जीवशास्त्र शिकवले, खेळाडूंना तयार केले आणि फीसाठी पैसे साठवले. वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठाने (हे हार्वर्ड नव्हे, हॉवर्ड ही कृष्णवर्णीयांची अग्रगण्य संस्था) इंग्रजीचे तास कमी भरतात म्हणून प्रवेश नाकारला. पुढे याच हॉवर्डच्या शल्यविभागाचे ते प्रमुख झाले. शेवटी कॅनडातील मॉन्ट्रियलच्या मॅगिल विद्यापीठात जागा मिळाली. १९३३ मध्ये १३७ जणांच्या वर्गात दुसरे येऊन ते डॉक्टर झाले. तिथेच जॉन बीटी या ब्रिटिश प्राध्यापकामुळे शॉक आणि रक्तसंक्रमण हे विषय त्यांच्या डोक्यात बसले ते कायमचे.

रक्त साठवण्यात अडचण काय होती?

१९३८ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ड्रू न्यू यॉर्कला कोलंबिया विद्यापीठात आले. प्रेसबिटेरियन हॉस्पिटलमध्ये जॉन स्कडर यांच्यासोबत त्यांनी प्रायोगिक रक्तपेढी उभी केली. रक्तपेढीचा शोध ड्रू यांनी लावला, असेही बरेचदा लिहिले जाते. तेही बरोबर नाही. साठवलेले रक्त सोव्हिएत रशियात आधीच वापरात होते, स्पेनच्या यादवी युद्धात ते आघाडीवर पाठवले गेले होते आणि ‘ब्लड बँक’ हे नाव १९३७ मध्ये शिकागोत बर्नार्ड फँटस यांनी दिले होते.

ड्रू यांचे काम वेगळे आणि माझ्या मते अधिक कष्टाचे होते. बाटलीतले रक्त दिवसागणिक कसे बिघडते, तांबड्या पेशींतून पोटॅशियम किती झिरपते, किती तापमान हवे, कोणते द्रावण घालायचे, बाटली कशी असावी, हलवल्याने काय होते, हे सगळे त्यांनी मोजून मांडले. १९४० चा त्यांचा प्रबंध साठवलेल्या रक्तावरच आहे. त्याबद्दल मिळालेली डॉक्टर ऑफ सायन्स ही पदवी कोलंबियात कृष्णवर्णीयाला मिळालेली पहिलीच. थोरल्या मुलीला घरात ‘बीबी’ म्हणत. ते ‘ब्लड बँक’ची आद्याक्षरे घेऊन ठेवलेले नाव.

तेव्हाच्या तंत्राने अखंड रक्त जेमतेम आठवडाभर टिके. तांबड्या पेशी काढून टाकल्या की उरतो तो पिवळसर द्रव, म्हणजे प्लाझ्मा. तो कित्येक आठवडे टिकतो. वाळवून भुकटी केली तर आणखी कितीतरी जास्त. अनेक दात्यांचा एकत्र केलेला प्लाझ्मा रक्तगट न जुळवताही देता येई. त्यातली प्रथिने पाणी रक्तवाहिन्यांत धरून ठेवतात, म्हणून घसरलेला रक्तदाब सावरतो. मिठाचे पाणी शिरेतून दिले तर त्यातले बरेचसे थोड्या वेळात बाहेरच्या ऊतींत उतरते.

ब्रिटनपर्यंत प्लाझ्मा कसा पोहोचला?

१९४० च्या उन्हाळ्यात ब्रिटनवर जर्मन बॉम्ब पडू लागले. न्यू यॉर्कमध्ये ‘ब्लड फॉर ब्रिटन’ मोहीम ऑगस्टमध्ये सुरू झाली. रक्तदाते भरपूर आले, अडचण वेगळीच निघाली. प्रत्येक रुग्णालय आपापल्या पद्धतीने प्लाझ्मा काढत होते आणि काही बाटल्यांत जंतू सापडत होते. समुद्रापलीकडे जंतू भरलेल्या बाटल्या पाठवणे म्हणजे औषधाच्या नावाने विष पाठवण्यासारखे. सप्टेंबरमध्ये ड्रू यांना बोलावून वैद्यकीय जबाबदारी दिली गेली.

त्यांनी चमत्कार केला नाही, शिस्त आणली. सगळीकडे एकच कार्यपद्धती, प्रशिक्षित माणसेच कामावर, रक्त उघड्या हवेला लागणार नाही अशी जोडणी, मध्यवर्ती प्रयोगशाळेत पुन्हा तपासणी आणि मगच बाटली जहाजावर. जानेवारी १९४१ मध्ये मोहीम संपली तोवर साडेचौदा हजारांहून अधिक जणांनी रक्त दिले होते आणि ५ हजार लिटरहून अधिक प्लाझ्मा ब्रिटनला गेला होता. लगेच फेब्रुवारीत अमेरिकन रेड क्रॉसने सैन्यासाठी वाळवलेला प्लाझ्मा तयार करण्याचा पथदर्शी प्रकल्प न्यू यॉर्कमध्ये ड्रू यांच्याकडे सोपवला. शीतपेटी असलेल्या फिरत्या रक्तदान गाड्या या काळातल्याच. युद्ध संपेपर्यंत रेड क्रॉसने सुमारे १ कोटी ३० लाख बाटल्या रक्त गोळा केले. आघाडीवरच्या परिचारकाच्या पिशवीत दोन बाटल्या असत, एकीत भुकटी आणि दुसरीत पाणी. मिसळल्या की काही मिनिटांत प्लाझ्मा तयार.

प्लाझ्माने सगळे भागले का?

नाही. प्लाझ्मा रक्तवाहिन्या भरतो, पण प्राणवायू वाहून नेणाऱ्या तांबड्या पेशी त्यात नसतात. १९४३ मध्ये उत्तर आफ्रिकेच्या आघाडीवर एडवर्ड चर्चिल या अमेरिकी शल्यविशारदाने हे ठासून मांडले आणि अखंड रक्त आघाडीवर नेण्याचा आग्रह धरला. एकत्र केलेल्या प्लाझ्मातून कावीळ पसरते, हेही पुढे उघड झाले. आज मोठ्या रक्तस्रावात तांबड्या पेशी, प्लाझ्मा आणि प्लेटलेट्स जवळपास सारख्या प्रमाणात देतात. नुसते सलाईन ओतत राहिले तर रक्त पातळ होते, अंग थंड पडते आणि रक्त गोठणे बिघडते. रक्त गोठवणारे घटक प्लाझ्मातच असतात. म्हणजे प्लाझ्माचे महत्त्व टिकले, कारण मात्र बदलले.

आणि बाटली कोणतीही असो, आधी गळती थांबायला हवी. ती पहिली काही मिनिटे डॉक्टरांच्या नव्हे, शेजारी उभ्या असलेल्याच्या हातात असतात. जखमेवर स्वच्छ कापड ठेवून पूर्ण जोर लावून दाबून धरा आणि सारखे उचलून पाहू नका. कापड भिजले तर त्यावर दुसरे ठेवा. हातापायातून रक्त उसळत असेल आणि दाबूनही थांबत नसेल, तर जखमेच्या वर, सांधा टाळून, रुंद पट्टा करकचून आवळा. वेळ लिहून ठेवा आणि पट्टा सैल करू नका. जखमी माणसाला आडवे ठेवा, अंगावर पांघरूण घाला, पाणी किंवा चहा पाजू नका. १०८ ला फोन तोवर दुसऱ्या कुणीतरी लावलेला असावा.

रेड क्रॉसमधून ड्रू निषेध म्हणून बाहेर पडले का?

ही दुसरी प्रचलित कथा. ड्रू एप्रिल १९४१ मध्ये हॉवर्डला परतले ते ठरल्याप्रमाणे. मात्र त्याच वर्षाच्या अखेरीस लष्कराच्या मागणीवरून रेड क्रॉसने कृष्णवर्णीयांचे रक्त घेणेच नाकारले. टीका झाल्यावर जानेवारी १९४२ मध्ये ते घेण्यास सुरुवात केली, पण वेगळ्या खुणेच्या बाटल्यांत, वेगळे ठेवून. याचा अर्थ असा की, ज्यांनी ही पद्धत बसवली त्या ड्रू यांचे स्वतःचे रक्त गोऱ्या सैनिकाला चालले नसते. रक्तगट असतात, रक्ताला वंश नसतो, या भेदाला विज्ञानाचा काडीचा आधार नाही, हे ड्रू यांनी जाहीरपणे सांगितले. १९४४ मध्ये कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ‘एनएएसीपी’ने त्यांना स्पिंगार्न पदक दिले.

त्यांनी आपली उरलेली ताकद लावली ती मात्र शिकवण्यात. हॉवर्डचा शल्यविभाग आणि फ्रीडमेन्स हॉस्पिटल यांची सूत्रे १९४१ मध्ये त्यांच्याकडे आली. गोऱ्यांच्या बहुतेक रुग्णालयांत कृष्णवर्णीय तरुणांना शस्त्रक्रियेचे प्रशिक्षण मिळत नसे. ड्रू यांनी ते इथे, कोणतीही सवलत न मागता, त्याच कसोटीवर दिले. १९४८ मध्ये त्यांचे पहिले विद्यार्थी राष्ट्रीय शल्यमंडळाच्या परीक्षेला बसले आणि सगळे उत्तीर्ण झाले. त्या मंडळाचे परीक्षक असलेल्या ड्रू यांना अमेरिकन मेडिकल असोसिएशनचे सदस्यत्व मात्र मरेपर्यंत मिळाले नाही. सदस्यत्व स्थानिक शाखेमार्फत मिळे आणि वॉशिंग्टनची शाखा कृष्णवर्णीयांना घेत नसे.

१ एप्रिलच्या सकाळी काय घडले?

अलाबामातील टस्कीगी येथे दरवर्षी कृष्णवर्णीय डॉक्टरांसाठी मोफत तपासणी व प्रशिक्षणाचे शिबिर भरे. ड्रू तिथे नेमाने जात. आदल्या दिवशी शस्त्रक्रिया आणि रात्री विद्यार्थ्यांचा कार्यक्रम आटोपून, मध्यरात्रीनंतर ते तीन डॉक्टर सहकाऱ्यांसह मोटारीने निघाले. सकाळी आठच्या सुमारास गाडी चालवताना त्यांचा डोळा लागला. गाडी उलटली. सहकारी वाचले, ड्रू यांचा पाय ब्रेकखाली अडकला आणि ते गाडीखाली चिरडले गेले.

त्यांना बर्लिंग्टनच्या अलामान्स जनरल हॉस्पिटलमध्ये नेले. तिथल्या गोऱ्या डॉक्टरांनी लगेच उपचार सुरू केले, पण छाती चिरडलेली होती आणि मेंदूलाही मार होता. शरीराच्या वरच्या भागातून हृदयाकडे रक्त परत आणणाऱ्या मुख्य शिरेचा मार्गच बंद झाला होता. अशा वेळी वरून रक्त भरले तरी ते हृदयापर्यंत पोहोचत नाही. रक्त दिले असते तर मरण उलट लवकर आले असते, असे गाडीत सोबत असलेल्या एका डॉक्टरने पुढे अनेकदा स्पष्ट केले. ड्रू यांच्या कुटुंबाने रुग्णालयातील डॉक्टरांना आभाराचे पत्रही पाठवले.

मग अफवा का टिकली?

ती वृत्तपत्रांत आली, ‘मॅश’ या गाजलेल्या मालिकेच्या एका भागातही आली. खुलासे होत राहिले, कथा थांबली नाही. कारण ऐकणाऱ्यांना ती अशक्य वाटत नव्हती. दक्षिणेकडच्या रुग्णालयांत कृष्णवर्णीयांसाठी मोजक्या खाटा वेगळ्या असत. त्या भरल्या की रुग्णाला दाराशी वळवले जाई. डिसेंबर १९५० मध्ये याच अलामान्स परगण्यात एका कृष्णवर्णीय विद्यार्थ्याच्या मोटारीला अपघात झाला. महायुद्धात लढून आलेला हा तरुण डोक्याला गंभीर मार लागल्याने ड्यूक विद्यापीठाच्या मोठ्या रुग्णालयात पाठवला गेला. तिथे कृष्णवर्णीयांच्या खाटा शिल्लक नव्हत्या. त्याला दुसऱ्या रुग्णालयात हलवले आणि तिथे पोहोचल्यावर थोड्याच वेळात तो गेला. ड्रू यांच्या नावावर सांगितली जाणारी गोष्ट घडली होती, ती त्याच्या बाबतीत. इतिहासकार स्पेन्सी लव्ह यांनी १९९६ च्या आपल्या पुस्तकात दोन्ही मृत्यूंचा माग काढला, तेव्हा हे लोकांपुढे आले.

रेड क्रॉसने बाटल्यांवर दात्याचा वंश लिहिणे बंद केले ते १९५० मध्ये, ड्रू यांच्या मृत्यूच्या वर्षीच. अर्कान्सा आणि लुइझियाना या राज्यांत मात्र रक्तावर तशी चिठ्ठी लावण्याच्या तरतुदी १९६० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत आणि त्यानंतरही टिकून होत्या.