सावतोबांचा मळा

आषाढी एकादशीस गावोगावच्या संतांच्या पालख्या पंढरीस येतात, हे आपण सर्व जाणतोच. पण वारी आटोपली, वारकरी आपापल्या घराला लागले, की त्यानंतर एक पालखी उलट्या वाटेने निघते. ती कोणा संताची नव्हे, खुद्द पांडुरंगाची. ती जाते सोलापूर जिल्ह्यातल्या माढे तालुक्यात, अरण या गावी. तेथे श्रीसंत सावता महाराजांची समाधी आहे. भक्त देवाकडे गेला नाही म्हणून देवच भक्ताकडे जातो, असा त्या पालखीचा अर्थ आमची वडीलधारी मंडळी सांगत आली आहेत.

सावतोबांचा जन्म शके ११७२ म्हणजे इ. स. १२५० मधला. ज्ञानोबामाउलींपेक्षा ते वयाने पुष्कळ वडील. वडिलांचे नाव परसोबा, आईचे नांगिताबाई. जात माळ्याची आणि धंदाही तोच. जवळच्याच भेंड गावची जनाबाई त्यांना दिली होती. दोन लेकरे झाली, विठ्ठल आणि नागाताई. घर, मळा, विहीर आणि मुखी नाम, एवढाच काय तो त्यांचा संसार. काशिबा गुरवाने लिहून ठेवले म्हणून त्यांचे सदतीस अभंग आज आपल्याला लाभले आहेत.

परंपरा सांगते, की पंढरी इतकी जवळ असून सावतोबा कधी पंढरीस गेले नाहीत. हे ऐकले की काही मंडळी चमकतात. वारी नाही तर वारकरी कसला, असे कोणाच्याही मनात येईल. आम्हांस वाटते, याचे उत्तर मळ्यातच शोधले पाहिजे. वारी आणि मळ्याची काढणी यांचे दिवस एकमेकांवर कसे येतात, ते ज्याने भाजी पिकवली त्यालाच ठाऊक.

आश्विनात टाकलेली मेथी कार्तिकी एकादशीच्या सुमारास काढायला येते. ती चार-आठ दिवस तशीच राहू दिली तर फुलावर जाते आणि तोंडात कडू लागते. कोथिंबिरीचेही तेच. दांडा वर निघाला की पानातला वास गेला. मुळा दीड-दोन महिन्यांत भरतो. वेळेवर उपटला तर कोवळा, नाहीतर जून होतो, आतून पोकळ पडतो, मग त्याला गुरेच काय ती खातात. त्यातही आदल्या दिवशी वाफ्याला पाणी द्यावे लागते, नाहीतर घट्ट मातीत तो मधेच मोडतो. वांगे अंगावर चकाकी आहे तोवर देठासकट तोडावे. चकाकी गेली की आत बी धरलेच म्हणून समजा.

थंडी सरता सरता लसणाची पात पिवळी पडते. तेव्हा पाणी तोडायचे, गड्डे खणून काढायचे आणि पातीच्या जुड्या बांधून टांगायच्या. उन्हाळ कांद्याच्या माना चैत्राकडे पडू लागतात. माना पडल्या म्हणजे कांद्याने आपले काम संपवले. मग तो उपटून शेतातच असा पसरायचा, की एकाची पात दुसऱ्याच्या अंगावर सावली धरील. चांगला वाळला की थोडी मान ठेवून पात कापायची. घाईने ओला भरला तर वर्षाची बेगमी सडली! जमीन अशी पदोपदी हाक मारते. ज्याला ती हाक ऐकू येते, त्याला उद्या येतो म्हणता येत नाही.

सावतोबांनी ती हाक देवाचीच मानली. त्यांच्या सर्वांत प्रसिद्ध अभंगात मळ्यातल्या भाजीपाल्याला त्यांनी विठ्ठलाचेच रूप दिले आहे. विहीर आणि मोटही त्यांना त्याच दृष्टीने दिसली. त्या अभंगात मिरचीचेही नाव येते. मिरची आपल्या देशात आली सोळाव्या शतकात, पोर्तुगीजांबरोबर. तेव्हा तो शब्द मागाहून गाणाऱ्यांच्या तोंडी शिरला असावा, असे आम्हांस वाटते. यात बिघडले काहीच नाही. आपल्या मळ्यात जे नवे पीक आले, तेही लोकांनी विठ्ठलाला वाहिले, इतकेच.

महिपतींनी शके १६८४ मध्ये पुरा केलेल्या भक्तिविजयात सावतोबांची कथा आहे. कूर्मदासाच्या भेटीला ज्ञानदेव-नामदेवांसह निघालेला पांडुरंग वाटेत अरणला थांबला. पुढे जाऊन सावतोबांस म्हणाला, मला कुठे तरी लपव. सावतोबांनी शस्त्राने आपले उदर उघडले, देवाला आत ठेवले आणि पुन्हा भजनाला लागले. नामदेव बापडे देव हरवला म्हणून रडत फिरले. कीर्तनात ही कथा रंगते ती नामदेवांच्या व्याकुळतेमुळे. पण आमचे मन जाते लपायला निवडलेल्या जागेकडे. देवाने देऊळ निवडले नाही, मठ निवडला नाही. मातीने माखलेल्या एका माळ्याचे पोट निवडले.

आता एक गोष्ट स्पष्टच बोलतो. सावतोबांचे नाव पुढे करून वारी चुकवणारेही आपल्यात आहेत. आमचे काम हीच आमची वारी, असे म्हणायचे आणि कामही उद्यावर ढकलायचे. वाफ्यात गवत माजले आहे, मुळे जून झाले आहेत, आणि तोंडी मात्र सावता माळी! अशांना सावतोबांचा आधार नाही. त्यांनी वारी टाळली नाही, ती रोज पहाटे विहिरीपासून वाफ्यापर्यंत केली. ज्याला काम खोळंबवल्याशिवाय पंढरीस जाता येते, त्याने खुशाल जावे, अवश्य जावे. ज्याला जाता येत नाही, त्याने खंत करू नये. दोघांनीही हातातले काम वेळेवर मात्र करावे.

आषाढ वद्य चतुर्दशी, शके १२१७, म्हणजे इ. स. १२९५ मध्ये सावतोबांनी देह ठेवला. वय अवघे पंचेचाळीस. पुढच्याच वर्षी ज्ञानोबामाउलींनी आळंदीस समाधी घेतली.

वाचकहो, आपल्या परसात दोन वाफे असतील, नाहीतर खिडकीत एखादी कुंडी असेल. आज त्यात सावतोबांनी न पाहिलेला टोमॅटो असेल, फ्लॉवर असेल. यंदाच्या थंडीत ते तयार झाले म्हणजे दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका. मुखाने नाम घ्या, हाताने कोवळी भाजी काढा, आणि पहिली जुडी शेजारच्या घरी पोचवा. पंढरीचा राणा त्या वाटेनेही येतो.

रामकृष्णहरी.