शांतिब्रह्माचे घर

श्रीएकनाथ महाराजांस आपण शांतिब्रह्म म्हणतो. स्नान करून येताना एक माणूस अंगावर थुंकला, महाराज पुन्हा गोदावरीत उतरले, आणि असे एकशेआठ वेळा झाले तरी रागावले नाहीत, ही कथा ऐकली नाही असा वारकरी विरळाच. कीर्तनात आम्ही ती रंगवून सांगतो, श्रोते माना डोलावतात, आणि घरी जाताना म्हणतात की ते महाराज होते म्हणून जमले, आम्हां प्रापंचिकांना कुठले जमायला! मीही चाळीस वर्षे ही कथा याच चालीवर सांगत आलो. पण चरित्र पुनःपुन्हा वाचताना ध्यानात येऊ लागले की ही शांती एकट्याची कमाई नव्हे. तिच्यामागे माणसे उभी होती. तेव्हा सज्जनहो, आज त्या माणसांच्या वाटेने नाथांकडे जाऊ.

आमच्या संभाजीनगराहून पैठण पन्नासएक किलोमीटर. तेथे शके १४५५ च्या, म्हणजे इ.स. १५३३ च्या सुमारास नाथांचा जन्म झाला, असे मानतात. वर्षाबद्दल विद्वानांत मतभेद आहेत, ते त्यांच्यापाशी राहोत. कुळ भानुदासांचे. विजयनगरास गेलेली विठ्ठलमूर्ती ज्यांनी पंढरीस परत आणली ते भानुदास नाथांचे पणजोबा. त्यांचे पुत्र चक्रपाणी, चक्रपाणींचे सूर्यनारायण, आणि सूर्यनारायण व रुक्मिणीबाई यांचे नाथ. मूल मूळ नक्षत्रावरचे, आणि थोड्याच दिवसांत आईबाप दोघेही गेले. अशा पोराला आईबाप गिळणारा म्हणणारी तोंडे कोणत्या गावात नसतात? पण म्हाताऱ्या आजोबा-आजींनी पोटचे लेकरू गेल्याचे दुःख गिळले आणि नातवास छातीशी धरले. मुंज केली, विद्या दिली.

पाठशाळेत गुरुजींनी आम्हांला स्वस्थ या शब्दाची फोड शिकवली होती, जो स्वतःच्या ठिकाणी राहतो तो स्वस्थ. फोड बिनचूक आहे. पण लेकराला स्वतःच्या ठिकाणी राहता यायला आधी कुणाच्या तरी मांडीवर राहावे लागते, हे व्याकरणात येत नाही. ते नाथांच्या चरित्रात येते.

बारा वर्षांचे असताना नाथ कुणाला न सांगता घरातून निघाले आणि गुरूच्या शोधात देवगिरीस पोहोचले. तेथे जनार्दनस्वामी किल्लेदार होते. मूळचे चाळीसगावचे, निजामशाहीचे चाकर आणि दत्ताचे उपासक. स्वामींनी मुलाला ठेवून घेतले. हिशेबातली एका पैची चूक शोधण्यासाठी नाथ रात्रभर जागले, आणि ती सापडल्यावर आनंदाने टाळी वाजली, ही गोष्ट आपण एकाग्रतेचा दाखला म्हणून सांगतो. मला त्यात पलीकडच्या खोलीत जागे झालेले गुरू दिसतात. उठून आले, पोराचे तोंड पाहिले आणि ओळखले की पैच्या चुकीसाठी जो इतका झुरतो त्याला याहून मोठे काम द्यावे. हाताखालच्या माणसाची टाळी ऐकू येणारा वरिष्ठ मिळणे हे तेव्हाही भाग्याचेच होते.

पण पैठणास काय चालले होते? दोन म्हातारी माणसे नातवाचा शोध करीत होती. शोध लागला तेव्हा चक्रपाणी देवगिरीस गेले. नाथ गुरुआज्ञेने तीर्थयात्रेस गेलेले. म्हाताऱ्याची अवस्था पाहून स्वामींनी पत्र लिहून दिले की हे पत्र जेथे हाती पडेल तेथेच राहावे. नाथ यात्रा करून पैठणास आले, तरी घरी न जाता गावाबाहेर महादेवाच्या देवळात उतरले. तेथे आजोबांनी ते पत्र हाती दिले आणि नाथ पैठणचे झाले. शिष्य आपला आहे म्हणून स्वामींनी त्यास धरून ठेवले नाही. घरच्यांकडे परत पाठवला आणि संसार करण्याची आज्ञा दिली. नाथांच्या वैराग्याबद्दल बोलणाऱ्यांनी ते पत्र विसरू नये.

विजापूरकडच्या घराण्यातील गिरिजाबाई पत्नी म्हणून आल्या. आम्ही कीर्तनकार त्यांना एकदोन वाक्यांत आटोपतो, हा आमचा दोष. नाथांना राग आणून दाखवलास तर दोनशे रुपये देऊ, अशी पैज काही रिकामटेकड्यांनी एका गरजू ब्राह्मणाशी लावली. मुलाच्या मुंजीसाठी त्याला पैसा हवा होता. तो जोड्यांसकट घरात शिरला आणि नाथांच्या मांडीवर जाऊन बसला. नाथांनी हसून त्यास जेवायला घातले. गिरिजाबाई वाढायला वाकल्या तसा हा त्यांच्या पाठीवर बसला! नाथांनी एवढेच सुचवले की पाहुण्यास पडू देऊ नका. आणि बाईंनी उत्तर दिले की लेकाला पाठीवर घेऊन काम करायची सवय आहे, काळजी नसावी. सज्जनहो, अपमान झाला तो बाईंचा. त्या क्षणी त्या किंचाळल्या असत्या तर शांतिब्रह्माची शांती कुठवर टिकली असती, याचा विचार करा. श्राद्धाचा स्वयंपाक तयार असताना त्या काळी अस्पृश्य मानलेले एक भुकेले कुटुंब दारावरून गेले आणि नाथांनी ते अन्न त्यांस वाढले, तेव्हाही दुसऱ्यांदा चूल पेटवली ती याच माउलीने. श्रीखंड्याच्या रूपाने देवाने बारा वर्षे याच घरी पाणी भरले म्हणतात. तुकाराम बीजेपासून तो रांजण आजही भाविक भरतात.

आता या घरातल्या दुखण्याकडे येतो, कारण तेही याच घरात होते. पुत्र हरिपंडित मोठे संस्कृत विद्वान निघाले. वडिलांचे प्राकृतात पुराण सांगणे आणि भलत्यांच्या घरी जेवणे त्यांना खपेना. घर सोडून ते काशीस निघून गेले. ज्या मुलाला स्वतः आईबाप नव्हते, त्याच्या पदरी ही वेळ आली.

तरुणपणी मी मनातून हरिपंडितांच्या बाजूचा होतो, हे कबूल करतो. पाठशाळेतून नुकताच आलो होतो. माझे वडील साधे माळकरी शेतकरी. त्यांच्या हरिपाठातला एक उच्चार मी चारचौघांत सुधारला. ते काही बोलले नाहीत. पण त्यानंतर मी घरी असलो की ते हरिपाठ मनातल्या मनात म्हणू लागले. आमच्या ओट्यावरचा तो आवाज मी बंद केला, हे मला ते गेल्यावर कळले.

नाथ मुलाला आणायला स्वतः काशीस गेले. ज्या काशीत शके १४९५ मध्ये त्यांनी भागवतावरील टीका पुरी केली, तेथेच आता ते मुलाच्या दारी उभे राहिले. हरिपंडितांनी दोन अटी घातल्या: प्राकृत पुराण सांगायचे नाही आणि परान्न घ्यायचे नाही. नाथांनी दोन्ही मान्य केल्या. मराठीसाठी जन्म घालवलेल्या माणसाने मुलासाठी मराठी पुराण बंद ठेवले! पैठणास हरिपंडित संस्कृतात पुराण सांगू लागले. श्रोते हळूहळू घटले. नाथ मात्र श्रोत्यांत बसून ऐकत. टोमणा नाही, आतून कुढणेही नाही.

पुढे एका गरीब म्हातारीने सहस्रभोजनाचा नवस बोललेला. ऐपत नव्हती म्हणून तिने एकट्या नाथांना जेवू घालायचे ठरवले. परान्न न घेण्याचा शब्द होता, म्हणून मुलाच्या संमतीनेच नाथ जेवले. मग त्यांनी हरिपंडितांना पत्रावळ उचलायला सांगितले. एक उचलली तो खाली दुसरी, दुसरीखाली तिसरी, अशा हजार पत्रावळी निघाल्या. चमत्कार ज्याला पटेल त्याने घ्यावा. माझे लक्ष वाकलेल्या पंडिताकडे जाते. वडिलांचे उष्टे उचलता उचलता त्यांचा ताठा गळाला, आणि नाथांचे प्राकृत पुराण पुन्हा सुरू झाले.

याच घरात गावबा नावाचे एक पोर होते. आईला झेपेना आणि याला पुरणपोळीचे वेड. नाथांकडे पुरणपोळी मिळते म्हणून आले आणि राहिले. विद्येत डोके चालेना. तरी गिरिजाबाई पोळी वाढत राहिल्या, नाथ जवळ बसवत राहिले.

इ.स. १५९९ मध्ये फाल्गुन वद्य षष्ठीस नाथांनी गोदावरीत देह ठेवला. भावार्थ रामायण युद्धकांडाच्या ४४ व्या अध्यायापर्यंत येऊन अपुरे राहिले होते. ते कोण पुरे करणार, हा सर्वांना प्रश्न. घरात पंडित पुत्र होता. नाथांनी जाण्यापूर्वी नाव घेतले ते गावबाचे. परंपरा सांगते की पुढले अध्याय त्यानेच रचले. पारायणाला बसणाऱ्या कित्येकांना ४४ वा अध्याय संपून ४५ वा केव्हा लागला, ते कळतही नाही.