भयाचा पत्ता घरचाच

रहस्यपट म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे पडका वाडा, करकरणारे दार आणि वाऱ्याने विझणारी मेणबत्ती येते. आल्फ्रेड हिचकॉकने हे साहित्य बहुधा बाजूलाच ठेवले आणि भय आणून बसवले ते नांदत्या घरात, जेवणाच्या टेबलाशी, जिन्याच्या पायरीवर. त्याचे चित्रपट मी पुन्हा पुन्हा पाहत आलो आहे. या माणसाचे आयुष्य समजून घ्यायचे, तर त्याने पडद्यावर उभ्या केलेल्या घरांतूनच हिंडायला हवे, असे मला वाटते.

१३ ऑगस्ट १८९९ रोजी लंडनच्या लेटनस्टोन भागात तो जन्मला. वडिलांचे भाजीपाल्याचे दुकान आणि दुकानावरच बिऱ्हाड. घर कर्मठ कॅथलिक, शाळा जेझुइट पाद्र्यांची. लहानपणी काही खोडी केली म्हणून वडिलांनी चिठ्ठी देऊन त्याला पोलीस चौकीवर धाडले आणि तिथल्या अंमलदाराने त्याला काही मिनिटे कोठडीत कोंडले, ही गोष्ट तो जन्मभर सांगत राहिला. सांगता सांगता त्याने ती रंगवलीही असेल. मला त्यात खुपते ते एवढेच, की पोराला कोठडीपर्यंत पोचवणारा हात बापाचा होता.

१९१४ साली वडील वारले. हिचकॉकने विजेच्या तारा बनवणाऱ्या कंपनीत नोकरी धरली आणि पुढे मूकपटांच्या शीर्षकपाट्या रंगवत स्टुडिओत प्रवेश मिळवला. या धंद्यातच त्याची अल्मा रेव्हिलशी गाठ पडली. वयाने त्याच्याहून एका दिवसाने लहान, पण कामात त्याच्याआधीच मुरलेली संकलक. १९२६ मध्ये दोघांनी लग्न केले.

त्याचा पहिला खरा रहस्यपट १९२७ चा 'द लॉजर'. लंडनमध्ये तरुणींचे खून होत आहेत आणि एका साध्या कुटुंबाने वरची खोली एका अनोळखी तरुणाला भाड्याने दिली आहे. चित्रपट मुका, मग वरच्या येरझाऱ्या ऐकवायच्या कशा? हिचकॉकने जाड काचेची जमीन करवून घेतली, नटाला तिच्यावर चालवले आणि खालून चित्रण केले. घरातली माणसे छताकडे पाहतात आणि आपल्याला छतापलीकडची पावले दिसतात. संशय घरात कसा शिरतो, हे मी याहून सोप्या रीतीने दाखवलेले पाहिलेले नाही.

१९३९ साली तो अमेरिकेला गेला. दुसऱ्याच वर्षी दाफ्ने द्यु मोरिए यांच्या कादंबरीवरचा 'रिबेका' आला. मँडरली नावाच्या प्रचंड घरात दुसरेपणावर आलेली एक बुजरी मुलगी. चित्रपटभर तिला नाव नाही, आणि जिचे नाव घरभर घुमते ती मृत पहिली पत्नी एकदाही दिसत नाही. घरची कारभारीण मिसेस डॅन्व्हर्स हिला हिचकॉकने चालताना फारसे दाखवलेच नाही. नायिका वळते तो ती समोर उभी! या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले, पण दिग्दर्शनाचे हिचकॉकला तेव्हाही मिळाले नाही आणि पुढेही नाही. याच कथेवर आपल्याकडे १९६४ मध्ये 'कोहरा' निघाला. त्यातली दाई रंगवली होती आपल्या ललिता पवारांनी.

मला मात्र त्याचे सर्वांत भयंकर घर वाटते ते १९४३ च्या 'शॅडो ऑफ अ डाउट'मधले. कॅलिफोर्नियातले सांता रोझा हे गाव, सुखवस्तू कुटुंब, आणि पाहुणा आलेला लाडका मामा. हाच मामा श्रीमंत विधवांचे खून करून आला आहे, हे भाचीला कळते. ती आईला सांगत नाही, कारण आईला हे सोसवणार नाही. शेवटी मामा मरतो आणि गाव त्याला सन्मानाने निरोप देते. भाची तेव्हाही गप्पच. या आईचे नाव एमा. हिचकॉकच्या आईचेही नाव एमाच, आणि ती १९४२ मध्ये, युद्धाच्या दिवसांत, दूर इंग्लंडमध्ये वारली.

घरातले रहस्य भिंती राखत नाहीत, माणसे राखतात. तीही बहुधा चांगली माणसे, घराच्या अब्रूसाठी. हे हिचकॉकला पक्के ठाऊक होते.

१९६० चा 'सायको' त्याने सुमारे आठ लाख डॉलरमध्ये, आपल्या दूरदर्शन मालिकेतल्या तंत्रज्ञांना घेऊन बनवला. टेकडीवरच्या त्या घरात काय दडले आहे, हे ज्यांनी पाहिले नसेल त्यांच्यासाठी मी सांगणार नाही. चित्रपट तयार झाल्यावर, मेलेली म्हणून पडलेली नायिका किंचित हलल्याचे एकट्या अल्माच्या नजरेने टिपले. चूक वेळीच काढली गेली.

पण त्याच्या स्वतःच्या स्टुडिओचे काय? 'द बर्ड्स' (१९६३) आणि 'मार्नी' (१९६४) या चित्रपटांची नायिका टिपी हेड्रन हिने २०१६ च्या आत्मचरित्रात लिहिले, की हिचकॉकने तिला लैंगिक त्रास दिला आणि तिने नकार दिल्यावर तिची कारकीर्द रोखली. त्याच्या दुसऱ्या काही नायिकांनी आपल्याला तसा अनुभव आला नसल्याचे सांगितले आहे. उत्तर द्यायला तो हयात नव्हता. तरीही हेड्रनचे म्हणणे मी बाजूला सारू शकत नाही. तिचे लिखाण वाचल्यापासून मला सांता रोझाची ती गप्प राहिलेली भाची आठवते.

१९७९ मध्ये अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटने त्याचा जीवनगौरव केला. भाषणात त्याने चार व्यक्तींचे आभार मानले: एक संकलक, एक पटकथाकार, आपल्या मुलीची आई आणि एक सुगरण. चारही अल्माच होत्या. २९ एप्रिल १९८० रोजी लॉस एंजेलिसमधल्या राहत्या घरी तो गेला. दोन वर्षांनी अल्माही गेली.

त्याचे चित्रपट मी यापुढेही पाहीन, घरच्या मुलांनाही दाखवीन. मात्र चित्रपट संपला की त्यांच्याशी खुनाविषयी बोलण्याआधी भाचीच्या मौनाविषयी बोलेन. घरातले कुणी काही सांगू पाहत असेल, तर ते ऐकून घ्यायला आपण थांबतो का? हिचकॉकच्या घरांतून बाहेर पडताना मला हाच प्रश्न सोबत न्यावासा वाटतो.