डासाने जागवलेला डॉक्टर

रोनाल्ड रॉस यांना डॉक्टर व्हायचेच नव्हते. १३ मे १८५७ रोजी अल्मोड्यात जन्मलेल्या या मुलाला लेखक व्हायचे होते. पण लष्करी अधिकारी असलेल्या वडिलांपुढे त्याचे काही चालले नाही. लंडनला वैद्यकीय शिक्षण कसेबसे पुरे करून रॉस १८८१ मध्ये इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये रुजू झाले.

नोकरीत फावला वेळ भरपूर होता. त्यांनी कविता लिहिल्या, कादंबऱ्या लिहिल्या, गणितात डोके घातले. तरीही मनाची मरगळ जाईना. हुशारी होती, छंद होते. ज्याच्यासाठी जीव टाकावा असा प्रश्न मात्र हाती नव्हता.

तो १८९४ मध्ये मिळाला. मलेरियाचा परजीवी १८८० मध्येच सापडला होता, पण रॉस यांचा त्यावर विश्वास नव्हता. रजेवर लंडनला गेले असता पॅट्रिक मॅन्सन यांनी तो सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला आणि या आजारात डासाचा हात असावा, ही आपली शंकाही सांगितली. त्या शंकेने रॉस यांना झपाटले.

भारतात परतल्यावर दोन वर्षे त्यांनी असंख्य डास फाडून पाहिले. हाती काही लागले नाही, कारण ते डास मलेरिया पसरवणाऱ्या जातीचे नव्हते. मध्येच कॉलऱ्याच्या कामासाठी बंगळूरला जावे लागले. पुढे उटीच्या परिसरात त्यांना स्वतःलाच मलेरिया झाला. पण शोध थांबला नाही.

१८९७ च्या ऑगस्टमध्ये सिकंदराबादच्या उकाड्यात ते पंखा बंद ठेवून बसत, कारण वाऱ्याने डास उडून जात. घामाने सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू गंजले. पंखांवर ठिपके असलेले वेगळे डास मिळाले, तेव्हा हुसेन खान या मलेरियाच्या रुग्णाने ते स्वतःला चावू दिले. एका डासामागे एक आणा या दराने. २० ऑगस्टला त्यांतल्या एका डासाच्या जठराच्या भिंतीत रॉस यांना काळ्या कणांच्या गोल पेशी दिसल्या. हे कण मलेरियाच्या परजीवीत दिसणाऱ्या कणांसारखेच होते. लगेचच त्यांनी यावर कविता लिहिली. इतकी वर्षे वेगवेगळ्या वाटांनी चाललेले कवी आणि डॉक्टर त्या दिवशी एका जागी आले.

पाठोपाठ बदलीचा हुकूम आला, तोही राजपुतान्यातील खेरवाड्याला, जिथे मलेरियाचे रुग्ण मिळणेच कठीण. पुढे १८९८ मध्ये कोलकात्यात पक्ष्यांच्या मलेरियावर काम करताना परजीवी डासाच्या लाळग्रंथीत पोहोचतो, हे त्यांनी दाखवून दिले. डास चावला की रोग कसा शिरतो, हे उलगडले. १९०२ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

ध्येय सापडले म्हणून रॉस शांत, समाधानी झाले असे नाही. शोधाच्या श्रेयावरून इटालियन शास्त्रज्ञ ग्रासी यांच्याशी त्यांचा कडवट वाद झाला. आयुष्याला अर्थ मिळणे आणि मनाला स्वस्थता मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पण जुनी मरगळ मात्र गेली. सिएरा लिओन, इस्माइलिया, मॉरिशस अशा ठिकाणी डासांची पैदास रोखण्याच्या कामात ते उतरले. १६ सप्टेंबर १९३२ रोजी त्यांचे निधन झाले. साचलेले पाणी हटवा, हा त्यांचा आग्रह आजही प्रत्येक पावसाळ्यात तितकाच लागू आहे.