महिपतिबोवांची लेखणी

चातुर्मास लागला की गावोगावच्या विठ्ठलमंदिरात रात्री पोथी लागते. कुठे नाथांचे भागवत असते, कुठे हरिविजय, आणि पुष्कळ ठिकाणी भक्तविजय. वाचणारा ओवी म्हणतो, अर्थ सांगणारा सांगतो, आणि म्हातारीकोतारी मंडळी वाती वळता वळता ऐकतात. गोरोबाकाकांचे मूल चिखलात तुडवले गेले त्या ठिकाणी दरवर्षी तेच डोळे पुन्हा भरून येतात. पण ही सारी चरित्रे ज्यांनी आपल्या ओटीत घातली त्या महिपतिबोवांचे स्वतःचे चरित्र आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असते? त्यांनी दुसऱ्यांविषयी हजारो ओव्या लिहिल्या आणि स्वतःविषयी फार थोडे सांगितले. आज त्यांच्याविषयी चार शब्द लिहावे असे मनात आहे.

नगर जिल्ह्यात (आता त्याला अहिल्यानगर म्हणतात) राहुरी तालुक्यात ताहाराबाद नावाचे गाव आहे. तेथे शके 1637 मध्ये, म्हणजे सन 1715 साली, महिपतीचा जन्म झाला. वडील दादोपंत कांबळे हे देशस्थ ऋग्वेदी ब्राह्मण, गावचे कुलकर्णी आणि पंढरीचे वारकरी. उतारवयात, वारीचे फळ म्हणून त्यांना हा मुलगा झाला असे सांगतात. मुलाला दोन गोष्टी वारशात मिळाल्या, वारी आणि कुळकरण. पहिली त्याने जन्मभर जपली. दुसरीचे काय झाले, तोच या चरित्राचा गाभा आहे.

आजच्या मुलांना कुलकर्णी हे फक्त आडनाव वाटते. त्या काळी ते वतन होते. कोणाच्या नावे किती जमीन, कोणी सारा भरला, कोणाकडे किती बाकी राहिली, हे सारे मोडीत झरझर लिहून दप्तराच्या रुमालात बांधून ठेवायचे. पाटील गावचा धनी खरा, पण गावाची स्मरणशक्ती कुलकर्ण्याच्या बोरूत. वतनाचे उत्पन्न पिढ्यान्‌पिढ्या चालायचे, त्यामुळे घरात सहसा अन्नाची ददात पडत नसे. मात्र सरकारचे बोलावणे आले की ऊठ म्हणताच उठावे लागे. हाती लेखणी असली तरी चाकरी ती चाकरीच.

वडिलांमागे महिपती हे काम करू लागले. ते काम त्यांना वाईट वाटत होते असे समजू नका. हिशेबाला ते पक्के होते. सकाळी स्नान, मग विठ्ठलाची पूजा, आणि मग कानावर लेखणी खोचून दप्तर उघडायचे असा त्यांचा क्रम.

एके दिवशी ते पूजेला बसले असताना जहागीरदाराच्या कचेरीतून शिपाई आला. काम तातडीचे आहे, चला म्हणाला. पूजा आटोपताच येतो, असे बोवांनी सांगितले. शिपायाला थांबायचे नव्हते. त्याने दारातच वेडेवाकडे शब्द काढले. बोवा कचेरीत गेले. (हे मला फार मोलाचे वाटते. रागाच्या भरात काम टाकून बसले नाहीत. गावाचे जे काम होते ते नीट पुरे करून दिले.) मग घरी आले, पुन्हा देवापुढे उभे राहिले, आणि कानावरची लेखणी काढून विठ्ठलाच्या पायाशी ठेवली. यापुढे या लेखणीने संतांचे गुण लिहीन, सरकारचे दप्तर लिहिणार नाही, असा त्यांनी नेम केला. नुसता स्वतःपुरता नाही, तर वंशापुरता. त्यांच्या वंशजांनीही तो नेम पाळला अशी परंपरा आहे.

आता येथे वारकऱ्याच्या मनात एक शंका उभी राहते, आणि ती दडपून पुढे जाणे बरे नाही. आपल्या संतांनी कामधंदा सोडायला कुठे सांगितले आहे? सावतोबांना मळ्यातच देव भेटला. गोरोबांनी चाक सोडले नाही, सेना महाराजांनी धोकटी सोडली नाही, नरहरी सोनारांनी हातोडी सोडली नाही. मग महिपतिबोवांनीच का सोडावे? बायकामुले होती, उद्याच्या भाकरीचा प्रश्न होता. घरातल्या माउलीने त्या संध्याकाळी काय विचार केला असेल, ते कोणी लिहून ठेवलेले नाही.

याचे उत्तर बोवांच्याच ग्रंथांत दोन ठिकाणी सापडते असे मला वाटते. भक्तलीलामृतात त्यांनी नाथांचे चरित्र लिहिले आहे. देवगडावर जनार्दनस्वामींकडे नाथ हिशेबाचे काम करीत. एकदा एका पैची चूक निघाली. रात्रभर दिव्यापुढे बसून नाथांनी ती शोधली, आणि सापडल्यावर त्यांना आनंद आवरेना. एवढ्या एका पैसाठी जे चित्त इतके एकाग्र होते ते देवाकडे लागले तर काय होईल, हे स्वामींनी त्यांना तेथेच दाखवून दिले. ज्याने स्वतः रात्री जागून बाकी जुळवली आहे त्यालाच ही कथा आतून कळणार. त्याच ग्रंथात तुकोबारायांचे चरित्र आहे. तुकोबांनी कर्जाचे कागद भावाशी वाटून घेतले आणि आपल्या वाट्याचे इंद्रायणीत सोडून दिले. पुढे त्यांच्या अभंगांच्या वह्याही त्याच नदीत गेल्या. कागद तळाशी गेले ते गेले, वह्या मात्र वर आल्या. कुणाचे देणे पाण्यात टाकायचे आणि काय वर येऊ द्यायचे, हे गुरूने असे दाखवले होते. बोवांनी लेखणी मोडली नाही की फेकून दिली नाही. ती ज्याची होती त्याच्या पायाशी ठेवली आणि त्याच्याकडून परत घेतली. तेव्हा त्यांनी काम सोडले असे म्हणण्यापेक्षा धनी बदलला असे म्हणावे. सावतोबांना धनी बदलावा लागला नाही, कारण मळ्याचा धनी त्यांना आधीपासूनच विठ्ठल दिसत होता. कचेरीत बोवांना तो दिसेना, इतकेच.

गुरू म्हणजे तुकोबाच. तुकोबांच्या वैकुंठगमनानंतर सुमारे पासष्ट वर्षांनी जन्मलेल्या महिपतींना त्यांनी स्वप्नात येऊन संतचरित्रे लिहिण्याची आज्ञा केली. वारकऱ्याला यात नवल वाटणार नाही. खुद्द तुकोबांना नामदेवरायांनी स्वप्नातच कवित्वाचे काम लावून दिले होते, आणि नामदेवराय म्हणजे ज्ञानोबांचे चरित्र गाणारे आपले पहिले चरित्रकार. एकाचे उरलेले काम दुसऱ्याने हाती घ्यायचे, हीच आपली रीत.

भक्तविजय पुरा झाला शके 1684 मध्ये, सन 1762 साली. बोवा तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचे होते. वय झाले, आता काय व्हायचे असे म्हणणाऱ्यांनी हा आकडा पाहावा! पानिपत होऊन वर्ष उलटले होते, महाराष्ट्रात घरोघर कुणी ना कुणी गेलेले. त्या दिवसांत ताहाराबादच्या एका घरात सत्तावन्न अध्यायांची पोथी लिहून झाली. त्यात जनाबाई आहे, चोखोबा आहेत, कान्होपात्रा आहे, तसेच उत्तरेचे कबीर, रोहिदास, मीराबाई आणि नरसी मेहताही आहेत. पुढे कथासारामृत आले, संतलीलामृत आले, आणि सन 1774 मध्ये एकावन्न अध्यायांचे भक्तलीलामृत.

एक गोष्ट मात्र ध्यानात धरण्यासारखी आहे. कुळकरण सुटले, तरी कुलकर्ण्याची सवय सुटली नाही, आणि सुटली नाही हे आपले भाग्य. उत्तरेतले नाभाजी आणि माणदेशातले उद्धवचिद्घन या दोघांच्या लिखाणाच्या आधारावर आपण लिहितो, हे त्यांनी ग्रंथारंभीच सांगून टाकले. आपल्या पदरचे काही नाही, मिळाले ते नोंदले, असा भाव. संत कोणत्या गावचा, कोणत्या जातीचा, पोटाला काय करी, बायको काय म्हणाली, घरात दाणा होता की नव्हता, हे ते विसरत नाहीत. सरकारी दप्तरात ज्यांच्या नावापुढे फक्त बाकी लिहिली जायची, अशा माणसांची त्यांनी निराळी नोंद केली. फरक एवढाच की दप्तराची मोडी वाचणारे चार जण, आणि ही नोंद कानाने ऐकणारे लाखो. म्हणून तर ओव्या इतक्या सोप्या. मध्येच श्रोत्यांना हाक मारतात, मागची गोष्ट पुन्हा सांगतात. पंडितांना हे पाल्हाळ वाटते. दिवसभर शेतात राबून आलेल्या, मध्येच डुलकी लागणाऱ्या माणसाला विचारा, तो सांगेल पुन्हा का सांगितलं ते.

इतिहास शोधणारे म्हणतात की बोवांच्या ग्रंथांत काळाची गल्लत आहे आणि चमत्कार फार आहेत. काळाची गल्लत आहे, हे कबूल करावे. ऐकीव गोष्टी जशा आल्या तशा त्यांनी घेतल्या. पण त्यांनी घेतल्या नसत्या तर त्यांतल्या कितीतरी आज उरल्याही नसत्या. विसाव्या शतकात जस्टिन अ‍ॅबट या अमेरिकन मिशनऱ्याने नरहर गोडबोल्यांच्या मदतीने भक्तविजयाचे इंग्रजी भाषांतर केले. ते 1933 साली बाहेर आले, तोवर अ‍ॅबट वारले होते. ताहाराबादच्या लेखणीचा पल्ला असा सातासमुद्रांपलीकडे गेला. बोवांना त्याचे काय असणार म्हणा! त्यांना पंढरपूर पुरे होते.

अखेरचा मोठा ग्रंथ संतविजय. तो पुरा झाला नाही. सव्वीस अध्यायांवर थांबला. शके 1712 च्या श्रावण वद्य द्वादशीला, सन 1790 मध्ये, पंचाहत्तराव्या वर्षी बोवांनी ताहाराबादेस देह ठेवला. श्रावण वद्य द्वादशी म्हणजे ऐन चातुर्मास. त्या रात्री गावोगावी भक्तविजयाचा कोणता ना कोणता अध्याय चालू असतो. अध्याय संपतो, पोथी रुमालात बांधतात, आणि उद्या कोणाच्या घरचा प्रसाद ते विचारून मंडळी आपापल्या घरी जातात.